सीटच्या कव्हरातला कप्पा

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला म्हणून तोंड फुगवून बसू नकोस. इथे फोनला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर उभं राहिल्यावर, आणि माझ्या गुडघ्यांना आता टाकी चढायची हौस उरलेली नाही. म्हणून आपलं हे जुनं बरं, कागद आणि पेन.

आधी तुझ्या दाजींचं सांगते. कुबडी सुटली, काठी हातात आली. डावा पाय पूर्वीसारखा होणार नाही हे आता तेसुद्धा मान्य करतात. पण नव्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, कारण पेडल सगळी उजव्या पायाची. कुठली गाडी म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमचा खेकडा. मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं की दोन सीटा शेजारी-शेजारी, मागे रोपं टाकायचा हौदा, डोक्यावर लोखंडी पिंजरा, आणि कुठल्याही चढावर चढते अशी ती छोटी गाडी, टेकडीवरच्या आमच्या रोपवाटिकेचे हातपाय. मागच्या वर्षी दुसऱ्या वळणावर कलंडली आणि भंगारात गेली, तीच.

वर्षभर मी हातगाडीवर रोपं वर ढकलतेय. पाठ बोलायला लागली आहे. या महिनाअखेर नवीन खेकडा घेतला नाही तर पुढचा हंगाम सोडून द्यावा लागेल आणि मग वाटिकाच विकायची वेळ येईल. दाजी तसं बोलूनही दाखवतात. म्हणून तुला विचारते. घरात गाड्यांतलं कळणारा तू एकटा. सीटा शिवता-शिवता का होईना, रोज दहा गाड्यांच्या पोटात शिरतोस. कुठल्या सोयी घ्यायच्या, कुठल्या नाहीत, ते लिहून पाठव. मी तेवढ्याच घेईन, दुकानदाराचं ऐकणार नाही.

आणि हो, जुन्या खेकड्याचं तू शिवलेलं कव्हर मी काढून ठेवलंय. दाजींच्या खुर्चीला घातलंय. नव्याला तसंच शिव, बाजूच्या त्या झाकणाच्या कप्प्यासकट. रोपांची लेबलं ठेवायला तो इतका नामी आहे की विचारू नकोस.

दाजींना मी अजून उठता-बसता ऐकवते, की पट्टा लावला असतात तर बाहेर फेकले गेला नसतात. ते मुकाट ऐकून घेतात. चूक कळली की माणूस गरीब होतो.

कळावे. माया आहे तितकीच राहू दे, कमी करू नकोस.
तुझी ताई

---

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दाजींची काठी वाचून बरं वाटलं. तू हातगाडी ढकलतेस हे वाचून मात्र बरं वाटलं नाही.

गाडीचं मी चार दिवस विचार करून लिहितोय. पहिलं म्हणजे, उतारावर पाय काढला तरी इंजिनच गाडी धरून ठेवतं अशी सोय येते. ती हवीच. तिच्याशिवाय गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. दुसरं, रुंदी. दोन वाफ्यांमधल्या वाटेपेक्षा वीतभर तरी कमी हवी, पण फार अरुंद गाडी लवकर कलंडते, तेव्हा वाट रुंद करा, गाडी अरुंद करू नका. पिंजरा कंपनीचाच हवा, गावात जोडून घेतलेला नको. दोन्ही बाजूंना अर्धी दारं, दारांवर जाळी. स्टिअरिंग हलकं, पॉवरचं. हौदा उलटणारा असला तर मातीची पोती तुला उपसावी लागणार नाहीत. पुढे तारेची चरखी, अडकलीच तर झाडाला तार बांधून ओढता येते. गाण्यांची सोय, रंगीत दिवे, चहाचा कप ठेवायची जागा, यातलं काही नको.

आता पट्टा. पट्टा लावल्याशिवाय गाडी कासवासारखीच चालते आणि सारखी वाजत राहते, अशी सोय असेल ती गाडी घ्या. एका सीटला नाही, सगळ्या सीटांना. दुकानदाराला विचार की ते वाजणं बंद करता येतं का. हो म्हणाला तर चहासुद्धा न घेता त्या दुकानातून निघा. दोन्ही खांद्यांवरून येणारा, चार ठिकाणी बांधलेला पट्टा मिळाला तर तो. आणि चढायच्या आधी दोघांनी एकमेकांचे पट्टे ओढून बघायचे, रोज, न चुकता.

कव्हरचं म्हणशील तर यंदा दुकानात कामाची फार गर्दी आहे. कंपनीचं कव्हर चांगलं असतं. तेच राहू द्या. आणि ते जुनं खुर्चीवरून काढून टाक, त्याचं कापड विरलं असेल.

दाजींना उगाच बोलू नकोस, ताई. झालं ते झालं.

तुझ्या मायेचा कायमचा गिऱ्हाईक,
धाकटा

---

ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

अरे, आम्ही टेकडीवर जाणार आहोत की चंद्रावर? तुझं पत्र मी दाजींना वाचून दाखवलं. मला वाटलं हसतील, पण ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. आणि कव्हराला वेळ नाही म्हणे! लग्नात माझ्या बॅगेलासुद्धा कव्हर शिवणारा तू. बायकोशी भांडलास की काय?

मंगळवारी आम्ही दुकानात जाऊन आलो. दोन गाड्या बघितल्या. एक दोन सीटांची, हौदा मोठा. दुसरी तीन सीटांची, एकाच बाकासारखी, हौदा थोडा लहान, पण तुझी सगळी यादी तिच्यात बसते. मला पहिली आवडली होती. दाजी म्हणाले तीन सीटांची घेऊ. मधे कोण बसणार म्हणून विचारलं तर दुकानदाराशी किमतीचं बोलायला लागले.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी वाजण्याचं विचारलं. दुकानदार हसला आणि त्याने गल्ल्यातून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. बोटभर लांबीचं चपटं लोखंड, पट्ट्याच्या टोकाला असतं तसं, नुसतंच, मागे पट्टा नाही. ते खाचेत अडकवलं की गाडीला वाटतं पट्टा लावलाय. वाजत नाही, जोरात पळते. सगळेच घेतात म्हणाला, तुम्हाला अशीच देतो. मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा आमच्या दुसऱ्या वळणावर उभा करा. वळून बघते तर दाजी दुकानाबाहेर जाऊन काठीवर रेलून उभे. चेहरा पांढरा पडलेला. पाय दुखतोय म्हणाले.

घरी येताना मी त्यांना म्हटलं, तुम्ही निदान असलं काही केलं नव्हतंत, नुसते विसरलात. 

गाडी अठ्ठावीस तारखेपर्यंत नक्की करायची आहे. तुझा शेवटचा शब्द कळव, मग मी दुकानदाराला सांगते.

डोकं शांत ठेव आणि माझ्यावरचा जीव जिथल्या तिथे.
तुझी ताई

---

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन सीटांची घे. हा गाडीबद्दलचा शेवटचा शब्द. आता दुसरं लिहितो.

तुला दुकानात दाखवलं तसलं लोखंड जुन्या खेकड्यात होतं. ते मी घातलं होतं.

अपघाताच्या आदल्या वर्षी मी चार दिवस राहायला आलो होतो, आठवतं? दाजी रोपं मांडायला दर दहा पावलांवर उतरत होते. चढले की पट्टा, उतरले की पट्टा, नाही लावला की गाडी वाजायची. मी शेजारी बसून ऐकत होतो आणि माझंच डोकं उठलं. परत आल्यावर भंगारातल्या एका गाडीचा पट्टा कापला, त्याचं टोक काढलं, कानशीने घासून बरोबर मापाचं केलं. पुढच्या खेपेला कव्हर घालायला आलो तेव्हा ते खाचेत बसवलं. आणि ते वर दिसू नये म्हणून कव्हरला बाजूने झाकण शिवलं. तू लेबलं ठेवतेस तो कप्पा नाही, ताई. ते झाकण मी चोरी झाकायला शिवलं होतं. टाके इतके बारीक घातले की तू कौतुक केलंस आणि मी ते ऐकून घेतलं.

अपघाताची बातमी आली तेव्हा मला पहिली आठवण त्या लोखंडाची झाली, दाजींची नंतर. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मग दवाखान्यात तू सगळ्यांना सांगत होतीस की यांनी पट्टा लावला नाही, आणि मी तुझ्या शेजारी मूग गिळून उभा होतो. पट्टा लावायचा राहिला तेव्हा गाडी बोंबललीच असती, तिचं तोंड मी दाबलं होतं. दाजींना तू जे वर्षभर बोललीस ते सगळं माझं होतं.

मागच्या पत्रात मी पानभर सोयी लिहिल्या. तुला हसू आलं ते बरोबरच आहे. जाळी, दारं, चरखी लिहीत होतो आणि एक ओळ टाळत होतो.

माझ्याकडून सल्ला घ्यावा असं आता तुला वाटणार नाही. मायेबद्दल या वेळी काही मागत नाही.
धाकटा

---

ता. २७ फेब्रुवारी

प्रिय सीटमास्तर,
स. न. वि. वि.

हल्ली पोस्टमनच्या हातून पत्रं मी घेतो. तुमची ताई वाफ्यावर होती. पाकीट तिच्या नावाचं होतं, तरी फोडलं. तुमचं अक्षर इतकं वाकडं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून भ्यालो. माफ करा.

तुम्ही अर्धंच लिहिलंत. ते वाजणं बंद करा म्हणून मी तुमच्या मागे लागलो होतो. तुम्ही एकदा नाही म्हणालात, दोनदा नाही म्हणालात. तिसऱ्यांदा मी तुम्हाला भित्रे म्हणालो. हे सोयीस्कर विसरून सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका, माझाही वाटा राहू द्या. आणि पट्टा माझ्या हाताशीच लोंबत होता. कुणी माझे हात शिवून ठेवले नव्हते.

गाडी पायावर पडली तेव्हा माझा हात त्या कप्प्यापर्यंत पोचत होता. आधी ते लोखंड उपटलं, झाडीत फेकलं, आणि मग तुमच्या ताईला हाक मारली. तिला एकच भाऊ आहे एवढंच तेव्हा सुचलं. नंतर सांगायचं राहिलं. एकदा राहिलं की जीभ उचलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.

पण त्या दिवशी दुकानातून घरी येताना ती मला म्हणाली की तुम्ही निदान असलं काही केलं नव्हतंत. तिची शिव्याशापांची सवय झाली होती मला, ही शाबासकी सोसली नाही.

तुमचं पत्र आणि हे माझं, दोन्ही आज तिच्या पुढ्यात ठेवतोय. तिने वाचलं की हे पोस्टात टाकीन. पुढे काय होईल ते तुमच्या आणि माझ्या नशिबाने.

आपल्यातला स्नेह मोडलेला नाही, एवढं ध्यानात असू द्या.
दाजी

---

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

आशीर्वाद सवयीने लिहिले. खोडणार नाही.

दोन्ही पत्रं मी उभ्यानेच वाचली, मग खाली बसले. तीन दिवस घरात फक्त जेवायला आले, बाकी वेळ वाफ्यावर. तुझा आला तितकाच राग त्यांचाही आला. दोघांनी मिळून मला वर्षभर वेड्यात काढलंत. मी दवाखान्यात, शेजारी, सासरच्या माणसांत, जो भेटेल त्याला सांगत सुटले की माझा नवरा बेफिकीर आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंसमोर, ते वेदनेने घामाघूम झालेले असताना बोलले. आणि त्या माणसाने, गाडी पायावर असताना, माझा भाऊ आधी सोडवला. आता ते बोललेलं मी कुठे जाऊन परत घेऊ? तुम्ही दोघं निदान एकमेकांना चूक वाटून घेताय. माझ्या वाट्याची मला एकटीलाच राहिली.

चौथ्या दिवशी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले आधी चहा कर.

गाडी सोमवारी आली. तीन सीटांची, तुझ्या यादीतली प्रत्येक सोय आहे. उतारावर पाय काढून बघितला, धरून ठेवते. चालवायला मी बसले, ते शेजारी. चावी फिरवली. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं, पट्टा लावलात का, पण आता ते कुठल्या तोंडाने म्हणू?  मी तशीच निघाले. गाडी वाजायला लागली, कासवासारखी चालू लागली. मला वाटलं यांचाच. बघते तर त्यांचा लावलेला. ते हळूच म्हणाले की अगं, तुझा राहिलाय. मग मी दुसऱ्या वळणाच्या अलीकडे गाडी थांबवून पोटभर रडले. गाडी वाजतच होती. कुणी बंद केली नाही.

मधली सीट कुणासाठी, ते आता मला कळलं. त्यांनी ती तुझं पत्र यायच्या आधीच धरून ठेवली होती.

तर आता ऐक. ही गोष्ट पत्राने मिटणार नाही. कामाची गर्दी सांगू नकोस. शनिवारच्या गाडीने ये, टेप घेऊन ये, आणि तिन्ही सीटांची मापं स्वतःच्या हाताने घे. मापं घेऊन झाली की मधे बसायचं, पट्टा लावायचा, आणि दुसऱ्या वळणावरून आपण तिघं खाली उतरायचं. त्यानंतर मला काय बोलायचं ते मी बोलेन. तू ऐकून घ्यायचंस, जसं त्यांनी घेतलं.

माया आहे. सध्या रागाखाली दबलीय, पण आहे.
तुझी ताई

ता. क. कव्हरला कप्पा शिवू नकोस. लेबलं मी पदराला बांधीन.