जांभळं कापड

छकुले,

चर्चच्या वेदीवरची कापडं वीस वर्षं मीच शिवली, मीच बदलली. नाताळ-ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टच्या सणाला लाल, एरवी हिरवं, उपवासकाळात जांभळं. यंदा ईस्टरच्या सकाळी जांभळं उतरवून कपाट उघडलं, तर आत विकतची नवी कापडं! पाळकसाहेब म्हणाले, “तुमच्या बहिणीनंच निवडून आणली. कमिटीत सांगितलं, ताईला आता टाके दिसत नाहीत.”

अगं, परवा तुझ्या लेकीच्या फ्रॉकला बटणं कुणी लावली?

तेही गिळलं. पण दुपारी तुझ्याकडे जेवायला आले, तर आईच्या लग्नाच्या झग्यातून शिवलेलं वेदीचं ते पांढरं कापड तुझ्या इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेलं, मधोमध करपलेलं. “जुनंच तर होतं गं,” म्हणालीस. केसानं गळा कापलास.

एक मात्र चुकलीस. नव्या कापडांत जांभळं नाहीच. फक्त सणाला चर्चला येणारीला तो रंग कुठून ठाऊक? नाताळाआधी चार आठवडे तोच लागतो. उतरवलेलं जुनं जांभळं माझ्या घरी आहे. तेव्हा येशील माझ्या दारी.

देईन, देवाचं आहे ते. फक्त एक टाका मुद्दाम उसवून ठेवलाय. तो सगळ्या कमिटीदेखत घालीन, बिनचष्म्याचा. तोवर तुला कळायला नको, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी आंधळी,
ताई