दारात वाळणारे बूट

सूनबाई,

डोळ्यांची शपथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. आपल्या पोरीला जन्म देणारी आज पुन्हा आली, कपाटाएवढा वकील घेऊन. काल तू तिला ठणकावलंस, "इथे कुणी मुलगी राहत नाही!" अगं दीडशहाणे, पोरीचे धुतलेले बूट दारातच वाळत होते की! तू दार आपटल्यावर त्या बाईने ते सावलीतून उन्हात सरकवले, मी खिडकीतून पाहिलं.

दत्तक आणलंय हे पोरीला ठाऊक आहे. तीच म्हणाली, "आजी, चल, तिला भेटू." आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसलोय. येताना तोंड घरी ठेवून ये. घरचं दूध तापवून ठेवलंय.

तुझी सासू

ता.क. वकील मी पदरचा घातला. बिचारी एकटीच आलीय.