पान एकेचाळीसचा द्वारपाल

३ नोव्हेंबर, मोरबी
या सालातला तिसरा कारखाना. टाइल्सचा. काम ठीक, जेवण ठीक. राहीन म्हणतो, पाहू.
ड्युटीवरून आल्यावर पाठांतर. दिवाळीनंतर गावी, आसगावला, मंडईची जत्रा भरते; तिच्या नाटकात यंदा मी द्वारपाल. मागच्या साली नुसता सैनिक, भाला धरून उभा. द्वारपाल म्हणजे नाटकाचा जीव. गडाला वेढा पडतो, राजा किल्ल्या शत्रूला द्यायला निघतो आणि द्वारपाल त्याला अडवतो. दोन पानं एकटा बोलतो. छापील पुस्तक गावात एकच, ते तुकारामकाकांनी माझ्या हवाली केलं. काका मंडळाचे मुख्य, राजाही तेच.

६ नोव्हें.
काकांचा फोन. यंदा नाटक कंपन्यांच्या वडशाहून नटी आणून राहिले, मंगलाताई. या नाटकात पहिल्यांदाच बाई. मी म्हटलं, काका, आपल्या नाटकात बाईचं कामच नाही. म्हणे, एखादा नाच टाकू.

९ नोव्हें.
घोळ झाला. आमचं हँडबिल लिहून देणाऱ्या पवनीच्या कॉलेजातल्या सरांनी लायब्ररीतून मूळ नाटक काढलं, जाडजूड. त्यात राजाला अडवते ती राणी. द्वारपाल फक्त जयजयकार करतो.
काका तापले. आमच्या पुस्तकात पान एकेचाळीसवर द्वारपालच आहे म्हणाले. मी ४१, ४२ चे फोटो धाडले. काका सातवी नापास, पण पान बरोबर सांगतात.

१० नोव्हें.
सरांचा फोन. नुसतं पान सांगून भागत नाही म्हणे. पुस्तक कोणतं, रूपांतर कोणाचं, छापखाना कोणता, सगळं लागतं. हँडबिलावर छापायचं आहे.
पहिलं पान खाकी कव्हरला खळीनं चिकटलेलं. पाहून सांगतो म्हटलं.

१२ नोव्हें., सुट्टी
भात शिजत होता, त्या गंजाच्या तोंडावर कव्हर धरलं. वाफेनं पान सुटलं. रूपांतरकाराचं अर्धं नाव कसरीनं खाल्लेलं. खाली बारीक अक्षरात: ‘केवळ पुरुषपात्रांसाठी रंगावृत्ती. स्त्री नट मिळाल्यास द्वारपालाची भाषणे राणीस परत द्यावीत.’
परत द्यावीत.
आता कळलं. ४२ वर द्वारपाल म्हणतो, काल झोपेत तुम्ही तीनदा गडाचं नाव घेतलंत. राजा झोपेत काय बोलला ते दारावरच्या माणसाला कसं ऐकू गेलं? इतकी वर्षं गावानं टाळ्या वाजवल्या, कोणी विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं. एकटाच हसत बसलो.

१३ नोव्हें.
फोटो धाडला नाही. कव्हर परत चिकटवायला किती वेळ लागतो. कोणाला

१४ नोव्हें.
सकाळी धाडला. आधी सरांना, मग काकांना. सरांनी लगेच आभार मानले. काकांचा दुपारी फोन.
‘तुले कोनं सांगतलं होतं गा, तो कागद उकलाले?’
‘सरांनी विचारलं ना.’
‘मंग फाटला म्हनून सांगतलं असतं.’
मग त्यांनीच विचारलं, जेवला का. जेवलो म्हटलं.
वाईट वाटलं, पण भूक लागली, दोनदा खाल्लं.

१७ नोव्हें.
सरांनी हँडबिल धाडलं. खाली ओळ आहे: आधार, जुनी छापील रंगावृत्ती, पृ. ४१-४२, प्रत आसगाव मंडळाकडे. राणी: मंगलाताई. द्वारपालापुढं जागा कोरी. काकांना विचारलं. म्हणे, ‘तू येजो तं खरा. तालमीत पाहू.’
सुट्टी मिळाली. मुकादम म्हणाला, वापस आएगा ना. बघू.

१९ नोव्हें., गाडीत
अहमदाबाद सुटलं. अनोळखी नंबर. मंगलाताई. सरांच्या मूळ पुस्तकातलं राणीचं भाषण तोंडात बसत नाही म्हणे, फार जड. आमच्या पुस्तकातलं सोपं आहे. ‘भाऊ, तुम्ही कसं म्हणता? म्हणून दाखवा ना.’
दाराजवळ जाऊन उभा राहिलो. एकेचाळीस-बेचाळीस सगळं म्हटलं. एक बाई पिशवी घेऊन ऐकत थांबलीच. गडाच्या नावाच्या वाक्याला आवाज आपोआप खाली आला. मोरबीच्या खोलीत पाठ करताना तसा कधी आला नव्हता.
पलीकडून मंगलाताई म्हणाल्या,
‘भाऊ, ते झोपेचं वाक्य परत म्हणा. हळू.’
म्हटलं.