पाणी कुठलं ते लिहा

पुणे, दि. ९ जून १९७४

ती. कोंडीबादादास,

शेषरावचा जयभीम. मायला आन् वैनीला जयभीम, लेकरांना पापा. वि. वि. पत्रास कारण की माझं डोकं फिरलंय, आन् ते तुमच्यावरच फिरलंय.

नोकरी अजून सुटली न्हाई. आधी वीटभट्टी, मंग हॉटेल, आता हे डॉक्टरकीचं कॉलेज, पोरगं कुठंच बूड टेकत न्हाई असं तुमी म्हणता. पण इथं शिपाईगिरीत चार महिने टिकलो. आमच्या खात्याला नवा विभाग मिळाला, मागास वस्त्यांच्या आजारांचा शोध लावायला. दोन लोखंडी कपाटं आली, टाइपरायटर आला, दारावर पाटी आली. पाटी मीच ठोकली.

मोठ्या साहेबाच्या टेबलावर एक बाटली राहती. आत स्पिरिटात पायातून काढलेला नारूचा जंत, सुतळीसारखा वेटोळं करून. पाव्हणे आले की साहेब ती उजेडात धरतेत, मंग चहा सांगतेत. मी रोज पुसतो. परवा कारकुनाला इचारलं, वर इंग्रजीत काय लिहिलंय. त्यानं वाचलं: बोरखडा, बौद्ध वस्ती, बाई, वय पंचावन्न, उजवा घोटा. दादा, तो मायच्या पायातला नारू हाये.

त्याच दिवशी साहेबानं तुमच्याकडल्या पाहणीचा अहवाल बैठकीत मोठ्यानं वाचला. मी चहा देऊन राहिलो होतो. वस्तीत एकेचाळीस माणसांत एकोणीस जणांना नारू, गावात एकालाबी न्हाई. आन् पाणी म्हणे दोघांचं एकच, गावच्या रहाटाच्या विहिरीचं. मंग नारू काहून? तर वस्तीच्या सवयी घाण. यांना हातपाय धुवायला शिकवा, चित्रं दाखवा. एवढं ऐकून एकानं दुसरं बिस्कीट उचललं.

पण साहेबानं पाणी मनानं लिहिलं न्हाई, तुमीच सांगितलं. आपण पडक्या बारवेच्या पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर भरतो, त्यातच नारूचे पाय बुडतेत, हे काहून लपवलं? किसनराव पाटलाला भिऊन ना? थू त्या भिण्यावर.

मायचा पाय कसा हाये ते कळवा. रागावलोय, तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
शेषराव


मु. बोरखडा, ता. हिंगोली, दि. २१ जून १९७४

चि. शेषरावास,

कोंडीबाचा जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र घरात वाचून दाखवलं, थुंकलास तेवढं गाळून.

मायचा एक नारू पाहणीला आलेल्या डॉक्टरांनी काडीला गुंडाळून अख्खा काढला, तोच तुझ्या बाटलीत असंल. दुसरा डाव्या पायातून निघाला. तो मी गुंडाळताना अर्ध्यात तुटला. पाय भोपळ्यासारखा सुजलाय. सेनगावचा डॉक्टर म्हणला, आणखी एकदा असं झालं तर पाय आखडंल. ती बाजेवर पडून आमाला शिव्या घालती, तेवढं मात्र ठणठणीत हाये.

आता किसनरावाचं. पाहणीची जीप त्याच्या दारी थांबली हे खरं. पण इचारपूस झाली आपल्या लिंबाखाली, तवा तो जेवणाचं बघायला घरी गेला होता. तिथं भ्यावं असं कुणी नव्हतं. पार्वतीबाई म्हणून एक तरणी डॉक्टरीण होती. तिनं मला खुर्ची दिली, कोंडीबाजी म्हणली. जीपमधून उतरलेल्या माणसानं मला अहो म्हणलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मंग तिनं इचारलं, पाणी कुठलं पिता. आपल्या बाबानं दीक्षा घेऊन अठरा वर्सं होत आली. मेली ढोरं ओढणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला. आन् त्याचा लेक खुर्चीवर बसून सांगंल का, की आमाला अजून विहिरीच्या कठड्याला हात लावू देत न्हाईत? मी म्हणलो, गावच्याच विहिरीचं. माझ्यामागं साऱ्यांनी तेच सांगितलं.

भ्यालो न्हाई रे, लाजलो.

तू तर रोज त्यांच्यात राहतोस. तू काहून सांगितलं न्हाईस? उत्तर दे. तुझा अबोला आमाला सोसत न्हाई.

तुझा,
कोंडीबा


पुणे, दि. २ जुलै १९७४

ती. दादास,

जयभीम. वि. वि. तुमच्या शेवटच्या सवालानं चार दिवस भाकर गोड लागली न्हाई.

नोकरीला लागलो तवाच साहेबानं मला इचारलं होतं, तुमच्या भागात विहिरी सगळ्यांना खुल्या ना? कारकून ऐकत होता. खात्यात माठ एक, पेला एक. खरं बोललो असतो तर माझी जात कळून दुसऱ्या दिवशी माझा पेला येगळा झाला असता. मी म्हणलो, व्हय, खुल्या. तुमी खुर्चीसाठी खोटं बोलले, मी पेल्यासाठी. थुंकलो होतो ते माझ्यावरच पडलं.

सोमवारी गेलो आन् सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, अहवाल दिल्लीला गेला, शिपायाच्या तोंडावर शास्त्र चालत न्हाई. मी व्हय म्हणलो होतो तवा मात्र त्याच तोंडावर चाललं.

पार्वतीबाई तिथंच होत्या. त्यांनी मला बाहेर गाठलं आन् इचारलं, काय इचारायला पाहिजे होतं? मी म्हणलो, बाई, इचारूच नका, घागर घेऊन सोबत चला.

त्या तिकडं यायला निघाल्यात. जीप न्हाई, एस.टी.नं सेनगावपर्यंत, पुढं पायी. वैनीला सांगा, पाव्हणी आली म्हणून गावातून चांगलं पाणी मागून आणू नका. जे आपण पितो तेच, दुहेरी फडक्यातून गाळून.

मोठ्या मनानं पदरात घ्या.

शेषराव


मु. बोरखडा, दि. १६ जुलै १९७४

चि. शेषरावास,

जयभीम. वि. वि. पार्वतीबाई आल्या, दोन दिवस राहिल्या. तुझी वैनी घागर उचलायला गेली तर माय बाजेवरून उठली. कुणाचं ऐकती का ती? काठी टेकत, सुजला पाय ओढत बारवेपर्यंत पुढं गेली. तिथं तिनंच सगळं सांगितलं, कोण कुठल्या पायरीवर उभं राहतं, ढोरं कुठून पितेत, विहिरीवर गेलं तर कोण हाकलतं. बाईंनी बारवेतलं पाणी शिशीत भरून घेतलं. मला फार लाज वाटली, आन् मंग वाटेनाशी झाली.

बाटलीचं बाईंनीच मायला सांगितलं. आमाला वाटलं, ही आता टाकून द्या म्हणंल. तर म्हणली, "राहू द्या. माझं वय लिहिलंय, घोटा लिहिलाय. पाणी कुठलं ते लिहा."

किसनरावानं निरोप धाडला, वस्तीतल्या बाया यंदा खुरपायला लागत न्हाईत. बघू. औंढ्याकडं काम हाये म्हणतेत. तू आपला जीव आमच्यात असू दे.

कोंडीबा


पुणे, दि. ४ ऑगस्ट १९७४

ती. दादास,

जयभीम. मायला दोनदा जयभीम. वि. वि. पार्वतीबाईंनी पाहणीचा नवा कागद केलाय. पाण्याच्या रकान्यात वर लिहिलंय, विचारू नये, सोबत जावे. विद्यार्थ्यांना तेच शिकवून राहिल्या. साहेब त्या कागदाला हात लावत न्हाईत.

माझा पेला येगळा झाला. कुणी काही बोललं न्हाई, एक दिवस खिडकीत कान तुटलेला कप दिसला. त्यातूनच पितो, त्यांच्याकडं बघत.

बाटलीवर मी माझ्या हातानं मराठीत चिठ्ठी लावली: पडक्या बारवेचं पाणी, गावच्या विहिरीला बंदी. पहिली साहेबानं भिजवून काढली, दुसरी नखानं खरवडली. आज तिसरी लावली. कारकून म्हणतो, नोकरी जाईल. आजवरच्या साऱ्या नोकऱ्या मीच सोडल्या दादा. ही त्यांना माझ्याकडून सोडवावी लागंल.

डिंकाची बाटली भरून ठेवलीय. तिकडं तुमी आहात, एवढं असू द्या.

तुमचाच,
शेषराव