टाक्या मोजल्या, माणसं नाहीत

एजवेअर, लंडन, मंगळवार, १४ मार्च २००६. दुपारी ३.१०, कॅरिबियनमध्ये सकाळचे ११.१०. तेव्हा डायव्हिंगची बोट माझ्या केतकीला समुद्रात सोडून निघून गेली. कॅप्टनने माणसांऐवजी हवेच्या टाक्या मोजल्या. एक टाकी जास्तीची होती, तीच माझी मुलगी ठरली! चाळीस मिनिटं एकटी तरंगत होती. आणि फोनवर हसते, "आई, चिल! आले ना परत?" उद्या पुन्हा त्याच बोटीवर जाणार. चाळीस मिनिटं! मी तेव्हा इस्त्री करत बसले होते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सहलीच्या बसमध्येसुद्धा एकेकीचं नाव पुकारत. कॅप्टनला ईमेल केलाय: नाव पुकारून प्रत्येकाचं 'हजर' ऐकल्याशिवाय इंजिन सुरू करणार नाही, हे उद्या नऊला बोट सुटायच्या आत मला लेखी कळवा.