परतीचं वजन

४ नोव्हेंबर, अमरावती

पोचले एकदाची. पुण्याहून निघताना आईने डोळे पुसले. बाबांनी एवढंच सांगितलं की एअरलाइनचं बोलावणं येईपर्यंतच ही नोकरी, त्यात जीव अडकवू नकोस. मला ते पटलंय. मुलाखत होऊन गेली आहे, निकाल तेवढा बाकी.

खोली छान आहे. समोर गॅलरी, दुपारपर्यंत ऊन. घरमालकीण वच्छलाकाकू मूळच्या मोर्शीच्या. पिशव्या टेकवते न टेकवते तोच त्यांनी संत्री सोलून समोर ठेवली. "तू इमान चालवते म्हन्ते? इतकुशी तं आहे," म्हणाल्या, आणि मला हसूच आलं.

बेलोऱ्याच्या विमानतळावर जाऊन विमान पाहिलं. दोन इंजिनांचं, पांढरं, लहानसं. आतल्या खुर्च्या काढून एक स्ट्रेचर बसवलंय. शेजारी ऑक्सिजन, डॉक्टरची आणि एका नातेवाइकाची जागा. कॅप्टन गोपाळकृष्ण पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. एअरलाइनची मोठी नोकरी सोडून ते इथे आलेत. का, ते विचारायचा धीर झाला नाही.

१३ नोव्हेंबर

पहिली फेरी. मोर्शीच्या जमुनाबाई, मेंदूत रक्तस्राव. त्यांना मुंबईच्या रुग्णालयात पोचवलं. आमच्या विमानातले डॉ. पुष्कर त्यांच्याबरोबर तिथेच थांबले, येताना आम्ही दोघंच.

उतरण्याआधी कॅप्टननी मागच्या केबिनचा स्पीकर लावला आणि शांतपणे म्हणाले, "बेलोरा आलं. घर आलं. उतरून घ्या." मागे कुणीच नव्हतं. मी हसले. ते म्हणाले, एअरलाइनची जुनी सवय.

२६ नोव्हेंबर

निवड झाली! अठरा डिसेंबरला हैदराबादला रुजू व्हायचं. बाबांनी सोसायटीत पेढे वाटले. माझी मैत्रीण स्वराली तिथेच उडते. तिचं म्हणणं, मोठं जेट, ठरलेलं वेळापत्रक, दारात प्रवाशांना नमस्कार केला की काम संपलं. इथे फोन वाजला की हातातला घास टाकून पळायचं.

तरी मन लागत नाहीये. कॅप्टन म्हणाले, तिथे त्यांनी लाखो माणसं नेली, पण एकाचंही नाव त्यांना ठाऊक नाही.

आज आणखी एक गोष्ट. मुंबईला एका पेशंटला सोडून येताना विमान माझ्या हातात होतं. तोल राखायला जे ट्रिमचं चक्र फिरवतात, ते रिकाम्या विमानात निराळ्या जागी ठेवावं लागतं. आज मात्र स्ट्रेचरवर पेशंट असताना जिथे असतं तिथेच ते ठेवावं लागलं. कॅप्टननी चक्राकडे एकदा पाहिलं. त्यांनी स्पीकरवरून तेच शब्द उच्चारले. चाकं टेकली आणि विमान हलकं झालं.

५ डिसेंबर

कॅप्टन वैद्यकीय तपासणीसाठी दिल्लीला गेलेत. बदली कॅप्टन फारसे ओळखीचे नाहीत.

पेशंट चंद्रभान, हिवरखेडचे शेतकरी, छातीचा गंभीर संसर्ग. अकोल्याहून गाडीने आणलं. बरोबर मुलगी रागिणी. स्ट्रेचर चढवताना त्यांनी माझी बाही धरली. "पोरी, वापस आनशीन नं मले?" मी म्हणाले, हो काका, मीच आणीन.

मुंबईहून येताना पुन्हा तेच वजन. स्पीकरकडे हात गेला होता. अनोळखी कॅप्टनसमोर लाज वाटली. काही बोलले नाही.

उतरल्यावरही विमान हलकं झालं नाही. रिक्षात बसले तर रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, दोघं का?

६ डिसेंबर

सकाळी काकू दारात. खोलीतून म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याचा आवाज येत होता म्हणे. "पाहुन्याले च्या देऊ का?"

खोलीत मी एकटीच होते.

८ डिसेंबर

एकटी नाही.

भर उन्हात, गॅलरीतल्या खुर्चीत. निळा झगा, मनगटाला रुग्णालयाचा पट्टा. चंद्रभानकाका. रागावलेले नाहीत. रस्त्याकडे बघतात, मग माझ्याकडे. "हिवरखेड आलं का व?"

मी बाथरूमची कडी लावून बसले. बाहेरून पुन्हा तोच प्रश्न, अगदी हळू, मला त्रास होऊ नये अशा बेताने.

१० डिसेंबर

कॅप्टन परतले. मी सगळं सांगितलं. ते दचकले नाहीत. म्हणाले, सगळेच नाही, पण काही जण परत येतात. परक्या शहरात जीव गेला की त्यांना घरी यायची दुसरी वाट माहीत नसते. घर आलं असं सांगितलं की शांतपणे उतरतात. यासाठीच ते एअरलाइन सोडून इथे राहिले. "कुणीतरी सांगायला हवं ना?"

मला रडू आलं. बाबांना कळवावं की एअरलाइनला जात नाही, असंही वाटून गेलं.

मग रागिणीला फोन केला, दोन शब्द धीराचे बोलावेत म्हणून. ती म्हणाली, "ताई, बाबा हायेत. मशीनवर हायेत. डॉक्टर म्हन्तात, आता उठाले पायजेत, काऊन उठून नाही राहिले ते समजत नाही."

जिवंत आहेत.

मग गॅलरीत —

११ डिसेंबर

डॉ. पुष्करना विचारलं. जमुनाबाई गेल्या, आम्ही बेलोऱ्याला उतरलो त्याच सुमारास. सव्वीस तारखेचे पेशंटही तसेच. दोघांचीही तब्येत सुधारत होती, असं ते म्हणाले.

मेल्यावर येत नाहीत ते. आधी येतात. घर आलं असं आपण सांगतो आणि मग —

कॅप्टनना सांगितलं. ते हँगरमध्ये पायरीवर बसले. मग चारुशीलाबद्दल बोलले. त्यांची बायको. तिला याच विमानातून मुंबईला नेलं होतं. कागदपत्रं आणायला ते त्याच विमानाने परत आले, तेव्हा ती मागे बसलीय असं त्यांना जाणवलं. ती गेली असंच त्यांनी धरलं. "मीच तिला सांगितलं, देवश्री. म्हटलं, घर आलं, उतर."

मी त्यांचा हात धरून बसले. तो थंडगार होता.

१४ डिसेंबर

मुंबईची फेरी. काकांना घेऊन गेले. बरोबर आलेच ते. तिथे विनवलं, उतरा काका, रागिणी इथे आहे, तुम्ही इथे आहात. त्यांनी बाहेर पाहिलं. मान हलवली. हे त्यांचं घर नव्हे.

परत आले. चक्र पुन्हा त्याच जागी.

फोनवर रागिणी रडत होती. मशीन कधी काढायचं ते ठरवा, असं डॉक्टर म्हणतायत. तिने विचारलं, "बाबा तुमाले काही बोल्ले होते का?"

मी नाही म्हणाले.

१६ डिसेंबर

बाबांचा फोन. सामान बांधलंस का? मी हो म्हणाले. बांधलेलं नाही. हैदराबादला गेले तर काकाही येतील. जेटमध्ये, शेवटच्या रांगेत. कुणाला दिसणार नाहीत. खोकतील. मी दारात सगळ्यांना नमस्कार करीन, आणि ते तेवढे उतरणार नाहीत.

कॅप्टनना एक सुचलंय. काकांची बायको पार्वताबाई हिवरखेडलाच आहेत, मुंबईला गेलेल्याच नाहीत. त्यांना विमानातून तिकडे नेऊ. एकट्या ड्रायव्हरबरोबर त्या निघायच्या नाहीत, आणायला मलाच जावं लागेल. त्या जिथे, तिथे काकांचं घर. त्या उतरल्या की तेही उतरतील. उद्या दुपारी विमान मुंबईला जातंय, नातेवाइकाची जागा रिकामी आहे.

पहिल्यांदाच झोप येतेय.

हैदराबादला कळवलं, येत नाही. बाबांना अजून नाही.

१७ डिसेंबर

भाड्याची गाडी. सकाळीच निघाले. दर्यापूर मागे पडलं. काका मागे. अकोटच्या पुढे कापसाच्या गाड्या लागल्या तसे ते सरसावून बसले. विहिरी, झाडं ओळखतायत. तोंडातल्या तोंडात नावं घेतात. आनंद झालाय त्यांना. मला बघवत नाही.

पुन्हा पुन्हा सांगितलं, काका, अजून घर आलं नाही. खाली उतरायचं नाही. पार्वताकाकूंना घेऊन लगेच निघायचं.

हो म्हणाले.

पोचलो. ड्रायव्हर पार्वताबाईंना बोलवायला गेलाय. मी गाडीतच, त्यांच्याजवळ. लिहीत राहिलं की धीर येतो. ते काचेला कपाळ टेकून बसलेत. निळं दार. अंगणात तूर वाळत —

दार उघडलं. पदर सावरत बाहेर आल्या. ठेंगण्या, हसऱ्या. मला पाहुणी समजल्या. हात करून बोलावतायत. नको, नको म्हणून मी खूण करतेय, काच वर आहे, त्यांना समजत —

"भाईरच काऊन बसले? या नं. घरात या."

गाडी मागून हलकी झाली.

मागचं दार बंदच आहे. सीट रिकामी. पार्वताबाई उंबऱ्यात एकदम बाजूला सरल्या, कुणाला वाट द्यावी तशा. हसू तसंच —

फोन. रागिणी. उचलत नाही. थांबला. पुन्हा. पार्वताबाई विचारतायत कोणाचा, पोरीचा का, इकडे दे म्हणतायत, हात पुढे करून येतायत, मी त्यांना काय —