अमृतदादाचं स्वेटर

अमृतदादा,

तुला पत्र धाडायला पत्ता न्हाई, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येईना.

जिंतूरला एका मंडळानं लढाईच्या वस्तू ठेवायला खोली केलीय. अण्णा तुझं स्वेटर अन् तोफगोळ्याचा तुकडा घेऊन गेले. मीबी संगं होते. कारगिलच्या लढाईत तू भाड्याच्या ट्रकात फौजेचं सामान वर न्यायचास, अन् याच तुकड्यानं गेलास, हे अण्णांनी सांगितलं.

तिथल्या साहेबांनी तुकडा काचेच्या कपाटात ठेवला अन् स्वेटर परत दिलं.

"काका, पोरगं फौजी नव्हतं, ड्रायव्हर होतं. त्याचं नाव लावता येत न्हाई."

अण्णांनी स्वेटर काखेत धरलं. मग म्हणाले, "तुकडाबी द्या. तो माझ्या लेकाच्या छातीतून निघालाय."

चारठाण्याला एसटीतून उतरल्यावर त्यांनी दोन्ही माझ्या पिशवीत कोंबलं. "तुझ्या सासरी ने," म्हणाले.

आई दारातच बसलेली. "अमृताचं नाव लावलं का?"

"लावलं," अण्णा म्हणाले. "मोठ्या अक्षरात."

आई लय दिवसांनी पोटभर जेवली. आता रोज म्हणायलीय, मला एकदा तिथं घेऊन चला.

तुझी धाकटी,
दैवशाला